क्लच वर्षाच्या आत पुन्हा जातोय? नवी प्लेट आणण्याआधी हे बघा

तक्रार ठरलेली असते. "गेल्या वर्षीच प्लेट टाकली, आणि परवा चोर्ला घाटात परत वास सुटला." किंवा, "तवंदी घाटात तिसऱ्यावर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही वर चढत नाही." उपायही ठरलेला: गॅरेजला नेणे, गिअर बॉक्स उतरवणे, नवी प्लेट (इंजिनाची ताकद गिअर बॉक्सकडे नेणारी चकती) घालणे, बिल भरणे. पुढच्या ऊस हंगामात पुन्हा तेच.

नीट चालवलेल्या छोट्या पेट्रोल गाडीचा क्लच साठ-सत्तर हजार किलोमीटर सहज जातो, लाखाच्या पुढंही जातो. तो दहा-पंधरा हजारांत दुसऱ्यांदा गेला तर दोष प्लेटचा असण्याची शक्यता कमी. प्लेट भोगतेय, कारण दुसरीकडे आहे. ते कारण न शोधता नवा सेट घातला की तोही त्याच वाटेनं जातो. आपण स्वतः गाडी खोलायला शिकायचं ते मजुरी वाचवायला, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खरं आहेच. पण मला त्यापेक्षा मोठा फायदा दिसतो: जुना क्लच बाहेर आल्यावर तो उलटसुलट करून बघायला आपल्याकडे वेळ असतो. गर्दीच्या गॅरेजमध्ये तो पोऱ्याच्या हातून थेट भंगारात जातो.

पुढचं सगळं केबल क्लचच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाडीला धरून लिहिलं आहे, म्हणजे अल्टोसारख्या. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरात पहिली आलेली गाडी बहुतेक हीच. हायड्रॉलिक क्लचवाल्यांसाठी मध्ये मध्ये वेगळं सांगतो.

आधी गाडी काय सांगतेय ते ऐका

"क्लच गेला" या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार येतात, आणि चौघांचं औषध एक नाही.

पहिला, घसरणारा क्लच. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. चढावर, वरच्या गिअरला जास्त कळतं. राजहंसगडाच्या चढासारखा रस्ता मिळाला तर दोन मिनिटांत खात्री होते. घरच्या घरी करायचं असेल तर सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढा, समोर कुणी उभं नाही हे बघा, तिसरा गिअर टाका आणि थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर घसरतोय. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर बरी असलेली प्लेटही जळेल.

दुसरा, न सुटणारा क्लच. पेडल पूर्ण दाबूनही गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो, पहिल्या गिअरला पेडल दाबलेलं असताना गाडी पुढं सरकू बघते. इथं प्लेट झिजलेली नसतेच कदाचित. केबल ढिली झालेली असते, केबलचा तारेचा एखादा पदर तुटलेला असतो, हायड्रॉलिकमध्ये हवा शिरलेली असते, किंवा प्लेटचा हब (मधला दातेरी भाग) गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर, म्हणजे प्लेट बसते त्या दांड्यावर, गंजून अडकत असतो.

तिसरा, थरथर. गाडी उचलताना सगळं बॉनेट हलतं. प्लेटवर तेल, फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, ज्याला प्लेट टेकते) जळके डाग, किंवा नुसतं तुटलेलं इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार). शेवटचं कारण गिअर बॉक्स न उतरवता दिसतं आणि तरी ते कुणी बघत नाही.

चौथा, आवाज. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर गप्प, तर संशय गिअर बॉक्समधल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. असं असेल तर क्लच सेट बदलून तो आवाज जाणार नाही. गिअर बॉक्स उतरवण्याआधीच हे ठरवा, म्हणजे तो खाली असतानाच बेअरिंगचंही बघता येतं.

पाना हातात घेण्याआधी

आमच्या ओळखीत एक वस्ताद आहेत, उद्यमबागेत लेथ आणि गाड्यांची दुरुस्ती दोन्हींवर हात बसलेले. क्लच बदलायला शिकवा म्हणून कुणी पोरगा गेला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "गाडी काय करालीय ते सांग आधी. प्लेट आणलीस काय न आणलीस, ते मागनं बघूया की."

ते आधी पेडलचा प्ले बघायला लावतात. पेडल हातानं हळू दाबायचं. सुरुवातीला थोडं अंतर अगदी हलकं जायला हवं, आणि मग जोर लागायला हवा. हे अंतर किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. छोट्या गाड्यांत साधारण दीड-दोन सेंटीमीटरच्या आसपास. अजिबातच प्ले नसेल तर केबल ताणलेली आहे, म्हणजे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) स्प्रिंगच्या बोटांना कायम टेकून बसलंय आणि क्लच थोडासा दाबलेलाच आहे. अशी गाडी चोवीस तास हाफ क्लचमध्ये चालते.

इथं एक गोष्ट उलटी वाटते, म्हणून नीट सांगतो. प्लेट झिजली की केबल ढिली होत नाही, ताणली जाते. लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ सरकते आणि तिची आतली बोटं बेअरिंगकडे बाहेर येतात. म्हणून जपून चालवलेल्या गाडीतही प्ले हळूहळू खलास होतो, आणि पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलू लागते. वेळेवर केबलचा नट थोडा ढिला केला तर क्लच अजून बरेच महिने चालला असता, असं कितीतरी वेळा निघतं. केबल बसवल्यानंतर वर्षभर तिच्याकडे न बघणं हे क्लच लवकर जाण्याचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. हायड्रॉलिक क्लच स्वतःला जुळवून घेतो, पण त्यातही मास्टर सिलिंडरची परतीची वाट तुंबली तर दाब आत अडकतो आणि परिणाम तोच होतो.

मग गाडीखाली वाकून बघायचं. इंजिन आणि गिअर बॉक्स जिथं जुळतात त्या जोडाच्या तळाशी तेलाचा थेंब लटकतोय का? काळं, पातळ तेल असेल तर ते इंजिनाकडून. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. आणि त्याच ठिकाणी पत्र्याचं एक झाकण असतं, ते जागेवर आहे का ते बघा.

या झाकणाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वडगावातल्या एका शेजाऱ्यांची अल्टो रोज जांबोटीकडे जायची. क्लच वर्षही धड टिकेना. दर वेळी प्लेट नवी, दर वेळी बिल नवं. वस्तादांनी खाली बघितलं तर झाकणच नाही. आधी कधीतरी गिअर बॉक्स उतरवताना कुणीतरी ते काढलं आणि दोन बोल्टांसाठी परत लावायचा कंटाळा केला. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या रस्त्यांवरची तांबडी माती आणि पाणी थेट क्लच हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या डब्यात. प्लेट निघाली तेव्हा तिच्यावर तांबड्या लगद्याचा थर होता आणि लायनिंग सँडपेपरनं घासल्यासारखं झालेलं. पण हे अर्धंच कारण निघालं. उरलेलं अर्धं पुढं येतं.

जोडीला कोण, आणि काय काय

हे काम एकट्यानं करायचं नाही. गिअर बॉक्स खाली येताना एकानं तो पेलायचा आणि दुसऱ्यानं शेवटचा बोल्ट सोडायचा, हे दोन वेगळे हात आहेत. आणि त्यातल्या एकानं हे आधी केलेलं असायला हवं. व्हिडिओ बघून अंदाज येतो, पण गंजलेला बोल्ट किती पिळला की तुटणार, हे मनगटाला कळतं आणि ते शेजारी बसूनच शिकता येतं. ओळखीच्या मेकॅनिकला एका रविवारची मजुरी देऊन बोलवा. त्यांना स्पष्ट सांगा की पाना माझ्या हातात असेल, तुम्ही फक्त सांगायचं. बहुतेकांना यात मजा वाटते. चहा आणि मिसळ आपल्याकडून.

हत्यारं: रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट लांब एक्स्टेन्शनसह, टॉमी, एक चांगला ट्रॉली जॅक आणि दोन मजबूत घोड्या (गाडी पेलणारे स्टँड). टॉर्क पाना भाड्यानं किंवा उसना. घोडीच्या बाबतीत तडजोड नको. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि गाडीखाली चिरा सरकवायचा मोह होतो. जांभा वरून टणक दिसला तरी एका कोपऱ्यावर भार आला की तुकडा पडतो. चिरा चाकाला अडवायला लावा, गाडी पेलायला नाही. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तर खाली डोकंही घालायचं नाही.

क्लच सेट आणायचा तो पूर्ण: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. नुसती प्लेट घालून जुनी प्रेशर प्लेट ठेवणं म्हणजे पुढच्या रविवारची सोय. जुन्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा जोर उतरलेला असतो आणि तिचा पृष्ठभाग जळून वाकडा झालेला असतो. नवी प्लेट त्यावर घसरणारच. सेटबरोबर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील आणि गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील हेही आणून ठेवा. दोन्ही सेटच्या मानानं फार स्वस्त, पण ते बदलण्यासाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं. दुकानात गाडीचं मॉडेल, साल आणि शक्य असेल तर चासी नंबर सांगा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक प्लेटचा व्यास किंवा आतले दाते बदललेले असतात. आणि घरी आल्यावर नवी प्लेट जुन्या प्लेटवर ठेवून बघितल्याशिवाय खोका फाडून फेकू नका.

खाली उतरवताना

क्रम गाडीनुसार थोडा बदलतो, म्हणून ढोबळ सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. स्टार्टर मोटरची तार थेट बॅटरीला असते, पाना लागला तर ठिणगी उडते. मग एअर फिल्टरचा डबा, क्लच केबल, गिअरची जोडणी, रिव्हर्स लाइटचा स्विच, मीटरची केबल, स्टार्टर. दर वेळी फोटो काढा. वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात, ते एका पुठ्ठ्यावर गिअर बॉक्सचं चित्र काढून ज्या त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट छोट्याच्या जागी गेला तर हाउसिंगला चीर जाते.

गिअर ऑइल काढण्याआधी ते भरायचा नट सुटतो का ते बघा. हे उलट क्रमानं केलं आणि भरायचा नट गंजून गोल झाला, तर रिकामा गिअर बॉक्स घेऊन बसावं लागतं.

चाकं काढून, बॉल जॉइंट सोडवून दोन्ही ॲक्सल गिअर बॉक्सबाहेर ओढायच्या. ॲक्सल लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. नाहीतर ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटतं आणि महिनाभरात वळणावर कटकट आवाज सुरू होतो. इंजिनाखाली जॅकवर लाकडाचा ठोकळा घेऊन आधार द्या, तोही ऑइल सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या पत्र्याच्या भांड्याच्या) कडेला. मधोमध दिला तर पत्रा आत जातो. आता फाउंडेशन सोडा, मग हाउसिंगचे बोल्ट.

इथं सगळ्यात जास्त नवे क्लच खराब होतात. जुने नाही, नवे. गिअर बॉक्स काढताना किंवा चढवताना त्याचं सगळं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे प्लेटच्या हबवर लोंबकळलं, तर प्लेट किंचित वाकते. डोळ्याला दिसत नाही. बसवल्यावर रिव्हर्स करकर करतो, मेकॅनिक केबल आणखी ताणतो, प्ले संपतो, क्लच घसरू लागतो आणि शेवटी "प्लेट डुप्लिकेट निघाली" असा निकाल लागतो. म्हणून शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत किंवा पूर्ण आत जाईपर्यंत गिअर बॉक्स दोघांनी सरळ रेषेत पेलायचा. दम लागला तर थांबायचं ते जॅकवर टेकवून.

हाउसिंग उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका आणि फुंकूही नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आता जुनी प्लेट हातात घ्या

हा या सगळ्या कामातला खरा भाग. घाई करू नका, उजेडात या.

लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलं असेल, आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर ही साधी झीज. एवढ्या लवकर झाली असेल तर चालवण्याची सवय किंवा ताणलेली केबल. रिव्हेटच्या डोक्यावर अर्धा मिलिमीटर लायनिंगही उरलं नसेल तर प्लेट संपली. रिव्हेटनं फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले असतील तर फ्लायव्हीलचंही काम निघालं.

लायनिंग काचेसारखं चकचकीत आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग: क्लच घसरून तापला. का तापला, ते केबल, प्रेशर प्लेट आणि चालक या तिघांत शोधायचं.

लायनिंग ओलसर, डांबरासारखं काळं, हबपासून बाहेरच्या दिशेनं तेलाचे फराटे: सील. फराटे फ्लायव्हीलकडच्या बाजूला असतील तर क्रँकचं सील, गिअर बॉक्सकडच्या बाजूला असतील तर इनपुट शाफ्टचं. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं आतपर्यंत जातात. तिथं बोल्टाला सीलंट लावलं नाही तर सील नवं असूनही तेल येतं.

शेजाऱ्यांच्या अल्टोचं उरलेलं अर्धं कारण इथं सापडलं. सील गळत होतं, पण ते अगदी नवं दिसत होतं. मागच्या खेपेला बदललेलं असणार. वस्ताद इंजिनाच्या वरच्या बाजूला गेले आणि हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप काढून त्यात फुंकर मारली. पूर्ण बंद. आत चिकट गाळ साठलेला. इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर पडायला जागा नसेल तर तो सगळ्यात कमकुवत सीलमधून तेल ढकलतो. सील कितीही चांगलं आणा, वर्षभरात पुन्हा गळणार. त्या गाडीला पाइप साफ करणं, सील आणि खालचं झाकण या तीन गोष्टींनी जे झालं ते इतक्या प्लेट बदलून झालं नव्हतं.

प्लेट एकाच बाजूनं झिजली असेल तर समोरचा पृष्ठभाग बघा, तो फ्लायव्हीलचा असो की प्रेशर प्लेटचा. हबमधल्या स्प्रिंगा सैल किंवा तुटलेल्या असतील तर वरच्या गिअरला, कमी वेगात, इंजिन दणके देत ओढायची सवय असते. चढावर चौथ्यात हट्टानं गाडी ओढणाऱ्यांच्या प्लेटमध्ये हे दिसतं. प्रेशर प्लेटच्या बोटांवर झीज एका बाजूला जास्त असेल तर रिलीज बेअरिंग तिरकं बसतंय. मग फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा), त्याचा पिव्हट आणि बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळी तपासा. नळीवर खाच पडली असेल आणि तुम्ही नवं बेअरिंग त्यावरच घातलंत, तर तेही तिरकंच चालणार.

आणि हाउसिंगच्या जोडावरच्या दोन पोकळ पिना, म्हणजे डॉवेल, आहेत ना? त्या हरवल्या असतील तर इंजिन आणि गिअर बॉक्स एका रेषेत बसत नाहीत. प्लेटचा हब दर फेऱ्याला शाफ्टवर झगडतो आणि दाते खातो. पिन छोटी असते, हरवते, आणि बोल्ट तर बसतात, म्हणून कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

फ्लायव्हील

निळे डाग, बारीक तडे किंवा चरे असतील तर फ्लायव्हील लेथवर द्यावं लागतं. नुसतं चमकलेलं असेल तर एमरी पेपरनं आडवा-उभा हात फिरवून चमक काढली की पुरते. तडे नखाला लागण्याइतके खोल असतील तर लेथचा नाद सोडा, फ्लायव्हील बदला. ते फुटलं तर काय होतं याची कल्पना न केलेली बरी.

उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपांची कमी नाही, त्यामुळे या बाबतीत आपण बेळगावकर नशीबवान. पण लेथवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. प्लेट घासते तो भाग जेवढा काढला, तेवढाच प्रेशर प्लेट बोल्टनं बसते तो भागही काढायचा. फक्त घासायचा भाग कापला तर प्लेट खोल जाते, प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो, आणि सगळं नवं असूनही क्लच पहिल्या घाटात घसरतो. पुन्हा पुन्हा जाणाऱ्या क्लचमागे हे कारण मी जेवढ्या वेळा ऐकलंय तेवढं लोक तपासत नाहीत. कमीत कमी कापायचं, आणि पुस्तकात दिलेल्या जाडीच्या खाली जायचं नाही. काढण्याआधी फ्लायव्हील आणि क्रँकवर खूण करा.

तिथेच असताना प्लेट मध्यात धरायला एक डमी शाफ्ट करून घ्या. भंगारात जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर त्याहून उत्तम.

बसवताना

फ्लायव्हील आणि नव्या प्रेशर प्लेटवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरनं पुसा. प्लेट आधी इनपुट शाफ्टवर सरकवून बघा. ती हातानं सहज पुढं-मागं जायला हवी. दात्यांवर ग्रीस लावायचं ते बोट फिरवल्यासारखं, जास्तीचं पुसून. ढीगभर ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं, मग सील बदलूनही क्लच तेलकटच.

प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते लिहिलेलं असतं. बहुतेक गाड्यांत हबचा उंच, स्प्रिंगांचा भाग गिअर बॉक्सकडे येतो. डमी शाफ्टनं प्लेट मध्यात धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं, थोडे थोडे आवळत न्या, शेवटी टॉर्क पान्यानं. एकच बोल्ट एकदम आवळला तर प्रेशर प्लेट तिरकी ओढली जाते.

गिअर बॉक्स चढवताना दाते जुळेनात तर गिअर टाकून एकानं शाफ्ट किंचित फिरवावा, दुसऱ्यानं ढकलावा. एक-दोन सेंटीमीटर फट राहिली आणि "बोल्ट आवळले की येईल आत" असं वाटलं, तर तिथं थांबा. वस्ताद त्या क्षणी नुसते "हाँ हाँ हाँ" करून हात धरतात. बोल्टनं ओढून आणला तर हाउसिंगचा कान तुटतो, आणि तो गिअर बॉक्सइतकाच महाग पडतो.

सगळं जोडल्यावर ते खालचं पत्र्याचं झाकण. मग पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल. इंजिन बंद असताना सगळे गिअर टाकून बघा, प्ले बसवा, मगच चावी.

नंतर

नवी प्लेट बसायला वेळ लागतो. पहिले तीन-चारशे किलोमीटर शहरात, हलक्या पायानं. थेट आंबोलीला ट्रिप काढू नका. त्यानंतर केबलचा प्ले पुन्हा बघा, तो बदललेला असतो.

बाकी सवयींचं. चिकोडी-निपाणीकडे हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे कासवाच्या गतीनं जावं लागतं. तिथं पाय क्लचवर अर्धा धरून सरकत राहण्यापेक्षा थोडं अंतर पडू द्या, मग पहिल्यात पूर्ण क्लच सोडून पुढं जा. बेळगावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलात तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. चढावर गाडी क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेकनं धरायची. आणि पाय पेडलवर विसावलेला असतो का, हे स्वतःला कळत नाही. शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. घरच्यांपैकी कुणीतरी हे फार आनंदानं सांगेल.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पेडल दाबूनही गाडी सुटत नाही, आणि लोक क्लच गेला म्हणून खोलायला घेतात. शेतकरी उभ्या ट्रॅक्टरचा क्लच दाबून अडकवून ठेवतात ते यासाठीच. गाडीत पेडल आणि सीटमध्ये लाकडाची काठी बसते. ते जमत नसेल तर आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून थोडी फिरवा.

काही गाड्यांना हे सगळं लागू नाही. ज्या डिझेल गाडीत दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं (ड्युअल मास) फ्लायव्हील असतं ते लेथवर द्यायचं नसतं. आणि क्लच पेडल नसलेल्या एएमटी गाडीत क्लच बदलल्यावर संगणक जोडून नवा क्लच गाडीला शिकवावा लागतो, त्याशिवाय ती नीट चालत नाही. यांपैकी कुठलीही गाडी असेल तर स्कॅनर असलेल्या वर्कशॉपलाच जा. जुनी प्लेट मात्र तिथूनही मागून घ्या आणि उजेडात धरून बघा.